यंत्रातलं घर

मास्तरांच्या मते जगात आता दोनच तऱ्हेची माणसं उरली होती: रस्ता कळणारी आणि फोनवाली. पहिल्या गटात ते एकटे होते. दुसऱ्या गटात बाकी सगळं जग होतं, आणि आपली सूनही त्यातच जाऊन बसली, हे त्यांना फार लागलं होतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. पुढच्या खोलीत शाळा आणि मागे संसार. पुढच्या खोलीत एक टेबल, एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात कापून उघडा केलेला एक गिअरबॉक्स, ज्याला हात लावला की बोटं तेलकट होत. एका फळीवर रंगवलेला चौक होता आणि त्यावर खेळण्यातल्या मोटारी. या फळीसमोर उभं राहून मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. उरलेल्या अर्ध्या शहराची गाडी बघूनच ते सांगत, की याला कुणी शिकवलेलं नाही.

शाळेच्या दोन गाड्या होत्या, दोन्हींना शेजारच्या सीटपुढे मास्तरांचा म्हणून वेगळा ब्रेक. एक गाडी त्यांची, दुसरी सुनेची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलसुद्धा धड येत नव्हती. मास्तरांनीच तिला गाडी शिकवली, मग शिकवायला शिकवलं, आणि तिनं काय पांग फेडले? गाडीत फोन लावला. तेव्हापासून तिच्या पाठीमागे, आणि कधी कधी समोरही, ते तिला मोबाईलबाई म्हणत.

मास्तरांच्या गाडीत मात्र यंत्र होतं. रबरी वाटीनं काचेला चिकटवलेलं, जाडजूड, कडा झिजलेलं जीपीएस. ते रोज सकाळी त्याची काच फडक्यानं पुसत. यंत्राला एकच काम येतं, ते रस्ता दाखवतं आणि गप्प बसतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. फोनला सतरा उद्योग. ऐन चौकात रस्ता सांगणारी बाई गप्प होते आणि कुणाची तरी मावशी बोलायला लागते. शिकाऊ माणूस आधीच घामानं भिजलेला, त्यात मावशी. ज्या वस्तूवर लोक भाजीचे फोटो काढतात तिला रस्ता विचारायचा म्हणजे न्हाव्याला दात दाखवण्यासारखं आहे, असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. विद्यार्थी हसत, फोन खिशात घालत आणि फाटकाबाहेर पडल्यावर परत काढत.

यंत्रातले नकाशे जुने झाले होते, हे खरं होतं. नदीवरचा नवा पूल त्याला ठाऊकच नव्हता. पुलावरून जाताना पडद्यावर मास्तरांची गाडी खुशाल पाण्यातून पोहत जाई आणि यंत्र घाबरून मागे वळा, मागे वळा म्हणत राही. नकाशे नवे करून आणू का, असं मुलानं एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, यंत्र बरोबर आहे, पूल चुकीच्या जागी बांधलाय. यावर मुलगा काही बोलला नाही. तो बँकेत होता आणि बोलण्यापेक्षा न बोलण्याचाच त्याला जास्त सराव होता.

पण मास्तरांना यंत्रातलं सगळ्यात काय आवडत असेल तर ते म्हणजे ‘घर’ नावाचं बटण. त्यात त्यांनी घर टाकलेलंच नव्हतं. पूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याची, कापडदुकानदाराची, गाडी एका लग्नाच्या मांडवाबाहेरून चोरीला गेली होती. चोरांनी यंत्रातलं ‘घर’ दाबलं, यंत्रानं इमानदारीनं त्यांना दुकानदाराच्या दारात नेऊन सोडलं, आणि घरातली माणसं मांडवात जेवत होती तोवर चोरांनी घर धुऊन नेलं. तेव्हापासून मास्तरांनी शाळेत नियमच केला, की यंत्रात खरं घर टाकायचं नाही. जवळची एखादी भलतीच जागा टाकायची. तिथवर यंत्रानं न्यावं, पुढचं आपल्याला येतंच. त्यांनी स्वतः टाकली होती पाण्याची टाकी. टाकीपासून दोन वळणं घेतली की त्यांची गल्ली. हा किस्सा ऐकल्याशिवाय त्यांच्या शाळेतून कुणी लायसन्सपर्यंत पोचलं नव्हतं. सुनेनं तर तो सासरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकला होता. ज्याला स्वतःच्या घराची शेवटची दोन वळणं येत नाहीत, त्यानं गाडी कशाला चालवावी, असं किस्सा संपवताना मास्तर म्हणत आणि समोरच्याकडे कीव करत बघत.

आता यातली खरी गोष्ट. ती मास्तरांनी कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा धड सांगितली नव्हती. गेल्या काही महिन्यांपासून रस्ते त्यांच्या हातून निसटायला लागले होते. सगळे नाही आणि रोज नाही. पण एखाद्या दिवशी मंडईजवळचा चौक समोर यायचा आणि त्याचे चारही रस्ते सारखेच अनोळखी वाटायचे. एकदा शेजारी दातांचा डॉक्टर गाडी चालवत होता, लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटलेला. मास्तरांनी त्याला सरळ म्हणून सांगितलं आणि गाडी गोदामांच्या आवारात जाऊन उभी राहिली, पुढे भिंत. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. मास्तरांनी तोंड वाकडं करून म्हटलं, मी चुकीचं सांगतो का ते बघत होतो, तुम्ही मेंढरासारखे आलात. डॉक्टरनं माफी मागितली. त्या दिवशी मास्तर घरी येऊन जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले.

मग ते प्रत्येक ठिकाण यंत्रात घालायला लागले. पोस्ट, परीक्षेचं मैदान, अगदी चाळीस वर्षं ज्या दुकानातून दाढीचं सामान घेतलं ते दुकानसुद्धा. विद्यार्थ्यांना ऐकत चालवायची सवय व्हावी म्हणून, असं ते सांगत. यंत्र त्यांना सांभाळून नेई, सांभाळून आणी, आणि कुणाला काही बोलत नसे. फोनचा खरा राग इथंच होता. फोन चहाडखोर. सुनेच्या फोनात तिचा नवरा निळ्या ठिपक्याएवढा दिसे, बँकेतून निघाला, पुलावर आला, गल्लीत वळला. ती ठिपक्याकडे बघून कुकर चढवी. मास्तरांनी ते एकदा पाहिलं. त्यांचा ठिपका मंडईच्या चौकाभोवती फिरताना कुणीतरी असाच बघेल, ओट्यापाशी उभं राहून.

घरात कुणाला कळत नव्हतं असं नाही. बायकोनं ओळखलं होतं आणि ती नवऱ्याला ओळखून असल्यामुळे गप्प होती. एक दिवस ते तास संपल्यावर फार उशिरा परतले आणि गाडीच्या पेट्रोलचा काटा तळाला गेला होता. कुठं होता, या प्रश्नाला त्यांनी रस्त्याचं काम चालू असल्याचं सांगितलं. त्या दिवशी जेवताना मुलगा बोलला. त्यानं फोन आणून टेबलावर ठेवला, नवा, मास्तरांच्या नावाचा. एक तर हा खिशात ठेवा, नाहीतर गाडीची किल्ली द्या, आणि आता परत असं झालं तर मी विचारणार नाही, किल्लीच घेईन, असं तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्यानं लग्नातही म्हटलं नव्हतं.

मास्तरांनी मनात हिशेब केला. किल्ली गेली की शाळा गेली, आणि शाळा गेली की पुढच्या खोलीत ते काय, गिअरबॉक्सशेजारी दुसरी कापून उघडी ठेवलेली वस्तू होऊन बसणार? पण चेहऱ्यावर त्यांनी फक्त किळस आणली आणि बोटाच्या टोकानं फोन बाजूला सरकवला.

“बाबा, गाडी नका सोडू,” सून म्हणाली. “फक्त हा जवळ ठेवा. तुम्ही कुठं आहात ते मला दिसेल, एवढंच.”

“मी कुठं आहे ते मला दिसतं,” मास्तर म्हणाले. “तेवढं पुरे आहे.”

फोन टेबलाच्या खणात गेला, जुन्या एल बोर्डांच्या खाली. मास्तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे यंत्र पुसून बाहेर पडले.

त्यानंतर काही दिवस बरे गेले. इतके बरे, की मास्तर परत लोकांना सुनवायला लागले. आणि मग एका दुपारी दातांच्या डॉक्टरचा तास संपला. त्याला त्याच्या दवाखान्यापाशी उतरवून, क्लच हा दाढेसारखा उपटायचा नसतो असं ऐकवून, मास्तर स्वतः स्टिअरिंगवर बसले. त्यांनी यंत्रावर ‘घर’ दाबलं. यंत्र बोलत गेलं आणि ते वळत गेले. डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे. छान चाललं होतं. वाटेत एक मोटारसायकलवाला फोन मांडीवर ठेवून रस्ता बघत होता, त्याला त्यांनी काच खाली करून दोन शब्द सुनावले.

“तुम्ही पोहोचलात,” यंत्र म्हणालं.

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बाहेर पाहिलं. खांबांवर उभी असलेली सिमेंटची टाकी. तारेचं कुंपण. फाटकाला साखळी. आत यायला मनाई आहे असा गंजका पत्रा. ते दार शोधायला लागले. आपलं दार, पायरी, शाळेची पाटी. त्यांतलं तिथं काही नव्हतं. त्यांनी ‘घर’ परत दाबलं. यंत्र परत म्हणालं, पोहोचलात. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. मग गाडी काढून कुंपणाला एक चक्कर मारली, न जाणो दार पलीकडच्या अंगाला असेल. ते परत साखळीच्या फाटकापाशीच आले.

मास्तर भ्याले. एवढे ते कधीच भ्याले नव्हते. टाकीच्या दोन्ही बाजूंना रस्ते जात होते, त्यांवरून माणसं पिशव्या घेऊन आपापल्या घरी चालली होती, कुणालाही विचारता आलं असतं. पण विचारायचं काय? काचेवर एवढं मोठं यंत्र लावलेला, गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मिरवणारा माणूस खाली उतरून विचारणार, की माझं घर कुठं आहे? त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, विद्यार्थ्यांना शिकवतात तसं, आणि बसून राहिले. हळूहळू भीती ओसरली आणि तिच्या जागी ओळखीचा राग आला. रागात त्यांना बरं वाटायचं.

टाकीशेजारच्या मोकळ्या जागेत शाळेची दुसरी गाडी आली. सून एका नर्सला रोवलेल्या काठ्यांमधून रिव्हर्स शिकवायला रोज तिथंच आणत असे. तिनं मास्तरांची गाडी पाहिली, नर्सला थांबायला सांगितलं आणि ती चालत आली. खिडकीशी वाकून तिनं विचारलं, की बाबा, इथं कसे?

मास्तरांनी यंत्राकडे बोट केलं. चेहऱ्यावर तोच तुच्छपणा, ओठ तसेच दुमडलेले.

“यात घर चुकीचं टाकलंय कुणीतरी गाढवानं,” ते म्हणाले. “कोण ते बघायला पाहिजे.”

सून टाकीकडे एकदा बघून वळली. मग नर्सकडे गेली, राहिलेला तास उद्या देते म्हणाली, नर्सचं हॉस्पिटल समोरच होतं. आपल्या गाडीला कुलूप लावून ती परत आली.

“बाबा, माझ्या विद्यार्थ्यांच्या क्लचवर परीक्षक नाक मुरडतात हल्ली. मी चालवते, तुम्ही जरा बघा.”

मास्तर ताबडतोब उतरले. न येणाऱ्याला शिकवायचं म्हटलं की त्यांच्या अंगात वीज यायची. ते ब्रेकच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, बोलत चालव. ही त्यांच्या शाळेची रीत होती. विद्यार्थ्यानं जे दिसेल आणि जे करायचंय ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायची, म्हणजे मास्तरांना कळतं की याचं लक्ष कुठं आहे.

सून बोलत निघाली. आरसा पाहिला. टाकी मागे पडली. समोरून सायकल. हे इस्त्रीवाल्याचं दुकान, याच्यापुढे डावीकडे वळायचं. तिनं क्लच झटक्यात सोडला आणि गाडीनं उडी मारली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. वेग आधी कमी, गिअर मग, असं किती वेळा सांगायचं? परीक्षकांचं काय चुकलं? फोनकडे बघून बघून पायातली अक्कल गेली तुझी. ती हो म्हणाली आणि पुढच्या गिअरलाही तीच चूक केली. मास्तर खुलले. रस्ताभर त्यांनी तिला असं धारेवर धरलं, की टाकी आणि साखळी त्यांच्या डोक्यातून साफ गेली.

“आता आपली गल्ली,” सून म्हणाली. “उजवीकडे वळते.”

मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी आचके देऊन बंद पडली.

“इथं कुठं वळतेस? नीट बघ. ही आपली गल्ली नाही.”

सुनेनं हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. समोर बघतच ती म्हणाली, की चुकलं असेल तिचं. तरी एकदा वळून बघू, नसली तर तुम्ही पुन्हा ब्रेक दाबा. मास्तरांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. चूक करू दिल्याशिवाय विद्यार्थी शिकत नाही. गाडी वळली. पुढे एका दारात त्यांची बायको दोरीवरचे कपडे काढत होती, खांद्यावर त्यांचाच टॉवेल.

मास्तर सुनेकडे वळले. म्हणाले, बघ, मी सांगितलं तशी आलीस तर घरी नीट आलीस की नाही?

संध्याकाळी जेवताना त्यांनी सुनेच्या क्लचची यथेच्छ टर उडवली. मुलगा ताटाकडे बघत होता. सुनेनं त्याला काय सांगितलं होतं ते त्याच्या न संपलेल्या ताटावरून कुणालाही कळलं असतं, पण मास्तर भरात होते.

सकाळी त्यांचं डोकं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ते फडकं घेऊन गाडीत गेले, यंत्र पुसलं आणि चालू करून बघितलं. ‘घर’ दाबल्यावर यंत्रानं सांगितलं, तुम्ही पोहोचलात. पडद्यावर त्यांची गल्ली होती, तिच्यात त्यांचं घर, घराचा नंबरसुद्धा. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यंत्र काचेवरून उपटून ते पुढच्या खोलीत आले आणि सगळ्यांना बोलावलं.

“कुठल्या गाढवानं यात खरं घर टाकलं?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी कापडदुकानदाराचा किस्सा पहिल्यापासून सांगितला. मांडव, चोर, धुऊन नेलेलं घर. सांगताना एक तपशील इकडचा तिकडे झाला नाही. ज्याला शेवटची दोन वळणं येत नाहीत त्यानं गाडी कशाला चालवावी, इथवर ते आले आणि थांबले, नेहमी थांबत तसे, समोरच्याची कीव करायला. बायकोनं मान दुसरीकडे वळवली.

“मी टाकलं,” सून म्हणाली.

“का?”

“काल तुम्ही टाकीपाशी होतात, बाबा. तुम्हीच म्हणालात, यात घर चुकीचं टाकलंय कुणीतरी गाढवानं.”

मास्तरांना साखळी आठवली. गंजका पत्रा आठवला. मग सुनेचा क्लच आठवला, आणि तो आठवल्यावर मात्र ते खुर्चीवर बसले. तिचा क्लच कधीच वाईट नव्हता. तो त्यांनी स्वतः शिकवला होता. शहरात असा क्लच दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि काल ती टाकीपासून घरापर्यंत त्यांच्यासाठी वाईट गाडी चालवत आली होती. फार लाज वाटली त्यांना. अशी की वर बघवेना.

मास्तरांनी यंत्राची काच अंगठ्यानं पुसली, ती आधीच स्वच्छ होती. मग सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली, सुनेच्या बाजूला. किल्ली उचलायला तिचा हात पुढे आला नाही. तेव्हा त्यांनीच ती बोटाच्या टोकानं तिच्याकडे सरकवली.

“खणातून काढ ते,” ते म्हणाले.

सुनेनं एल बोर्डांखालचा फोन काढला, चालू केला, त्यात काय काय दाबलं आणि तो त्यांच्या खिशात, किल्लीच्या जागी ठेवला. मास्तरांनी अंग चोरलं, पण ठेवू दिला. मग हात पुढे केला.

“तुझा दाखव. कसा दिसतो मी त्यात?”

तिनं आपला फोन समोर धरला. नकाशावर गल्ली होती, घर होतं आणि घरावर एक निळा ठिपका. मास्तरांनी चष्मा वर करून तो पाहिला. मग चष्मा खाली करून पाहिला.

“मी पुढच्या खोलीत बसलोय,” ते म्हणाले, “हा मला स्वयंपाकघरात दाखवतोय. भिकार वस्तू आहे.”

सून फोन बाजूला घ्यायला लागली. मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “बघत जा.”